सरकारी वकील कार्यालयासाठी केस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर: डेमो बघण्याआधी काय करायचं आणि नंतर काय

सॉफ्टवेअरची निवड बहुतेक कार्यालयांत उलट्या टोकानं सुरू होते. आधी कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो, पडद्यावर रंगीत आलेख दाखवतो, साहेब खूश होतात. मग 'आपल्याला काय हवंय' याचं पत्र तयार होतं, तेही कंपनीनंच दिलेल्या नमुन्यावरून. वर्षभरानं बघावं तर त्यात फक्त पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या, तारखा भरलेल्या असतात, ज्या न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर कुणालाही फुकट दिसतात. मुंशीची (वकिलाच्या कारकुनाची) डायरी मात्र पूर्वीसारखीच चालू असते.

खालचा क्रम मध्यप्रदेश हायकोर्टाचं इंदूर खंडपीठ आणि आसपासच्या जिल्हा न्यायालयांत शासनाची बाजू मांडणारी कार्यालयं डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. ग्वाल्हेर खंडपीठाला तो जवळजवळ जसाच्या तसा लागू पडेल. महापालिका किंवा विकास प्राधिकरणाच्या विधी शाखेनं आपले विभाग आणि आपली खरेदीची पद्धत त्यात बसवून घ्यावी. पायऱ्यांचा क्रम मात्र बदलू नका. गोंधळ होतो तो तिथेच.

बाजारातली बरीच सॉफ्टवेअर खाजगी वकिलांसाठी बनलेली असतात. त्यांचा सगळा डोलारा अशील, फी आणि पुढची तारीख यांवर उभा असतो. सरकारी कार्यालयात फीचा हिशेब दुय्यम आणि अशील एकच, शासन. इथे खरा प्रश्न दोन पेशींच्या मधल्या दिवसांचा असतो: आदेश झाला, आता कागद कुणाच्या टेबलावर आहे, आणि मुदत संपायला किती दिवस उरलेत? याचं उत्तर न देणारं सॉफ्टवेअर कितीही देखणं असलं तरी ते नुसतं कॅलेंडर.

१. आधी रजिस्टरं टेबलावर मांडा

कार्यालयात आज जे जे लिहिलं जातं ते सगळं एका जागी आणा. आवक-जावक, पेशी रजिस्टर, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० च्या (शासनावर दावा लावण्याआधी द्यायच्या) नोटिसांचं रजिस्टर, अवमान याचिकांची यादी, नकलेच्या (आदेशाच्या प्रमाणित प्रतीच्या) अर्जांची वही, अपील करावं की नाही याच्या अभिमतांची नस्ती (फाइल). आणि मुंशीची डायरी. ती कार्यालयीन दस्तऐवज नाही म्हणून बाजूला ठेवू नका. प्रभारी अधिकाऱ्याचा (विभागातर्फे ते प्रकरण सांभाळणाऱ्याचा) चालू मोबाइल नंबर, त्याची बदली कधी झाली, नस्ती कुणी नेली आणि परत आणली की नाही, हे बऱ्याचदा फक्त तिथेच सापडतं.

मग एक निकाली प्रकरण उचला आणि त्याचा प्रवास कागदावर काढा. समजा झाबुआच्या एका शिक्षकाची सेवाविषयक याचिका इंदूर खंडपीठानं मंजूर केली. आदेशाची बातमी जिल्हा कार्यालयात कधी पोचली? नकलेचा अर्ज कोणी, कधी केला? सरकारी वकिलाचं अभिमत कधी गेलं? भोपाळला विभागाकडून विधी विभागाकडे नस्ती कधी सरकली? अपील करायचं की आदेश पाळायचा, हे कोणी ठरवलं? प्रत्येक टप्प्यापुढे तारीख आणि माणसाचं पद लिहा. जिथे तारीख सापडत नाही तिथे लाल खूण करा. त्या लाल खुणांसाठीच सॉफ्टवेअर घ्यायचं आहे.

*सावधान:* हे काम संगणक ऑपरेटरवर सोपवू नका. या बैठकीत सरकारी वकील, रोज कोर्टात उभा राहणारा कनिष्ठ वकील, मुंशी आणि एखाद्या मोठ्या विभागाच्या विधी प्रकोष्ठाचा बाबू असे चौघं तरी हवेत.

२. फुकट काय मिळतंय आणि सक्तीचं काय आहे, ते बघा

ई-कोर्ट्सवर प्रत्येक प्रकरणाला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. जिल्हा न्यायालयाच्या क्रमांकात राज्याची दोन अक्षरं, जिल्ह्याची दोन अक्षरं किंवा अंक, न्यायालय आस्थापनेचे दोन अंक, सहा अंकी अनुक्रम आणि चार अंकी वर्ष असतं. त्यावरून पुढची तारीख, टप्पा आणि बरेचसे आदेश मिळतात. हायकोर्टाची कॉज लिस्ट, म्हणजे रोजच्या सुनावण्यांची यादी, हीसुद्धा संकेतस्थळावर येते. तेव्हा 'आमचं सॉफ्टवेअर पेशीची तारीख दाखवतं' याला गुण देऊ नका.

आपल्यावर कोणती प्रणाली आधीच बंधनकारक आहे का, हे विभागाला आणि महाधिवक्ता कार्यालयाला लेखी विचारा. केंद्र सरकारच्या खात्यांसाठी 'लिम्ब्ज' ही प्रकरणांच्या नोंदीची प्रणाली आहे. तिथे नोंद करावीच लागते, त्यामुळे त्या कार्यालयांनी तेच काम दुसऱ्यांदा करायला लावणारं काही विकत घेऊ नये. लेखी उत्तर नस्तीत लावा. पुढे लेखापरीक्षणात पहिला आक्षेप यावरच येतो.

आता ई-कोर्ट्सच्या बाहेरचे मंच मोजा. मध्यप्रदेशात तहसीलदारापासून वर जाणारी महसुली प्रकरणं आरसीएमएस या वेगळ्या प्रणालीवर असतात आणि त्यांचं वरचं न्यायालय, राजस्व मंडळ, ग्वाल्हेरला आहे. शासकीय बांधकामाच्या ठेक्यांचे वाद १९८३ च्या कायद्याखाली भोपाळच्या माध्यस्थम् अधिकरणाकडे जातात. एकच जमीन तहसीलीत, राजस्व मंडळात आणि पुढे हायकोर्टात तीन वेगवेगळ्या क्रमांकांनी फिरत असते. सीएनआर नसला तर नोंदच होऊ न देणारं सॉफ्टवेअर इथे पहिल्याच आठवड्यात अडकतं.

*तपासा:* 'आम्ही कोर्टाची माहिती आपोआप ओढतो' असं कंपनी म्हणाली की विचारा, कशी? ई-कमिटीनं शासकीय संस्थांसाठी ओपन एपीआयची (एका संगणक प्रणालीनं दुसरीकडून थेट माहिती घेण्याची) सोय ठेवली आहे, त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. संकेतस्थळावरचा कॅप्चा चुकवून माहिती उचलत असतील, तर कोर्टानं पान बदललं त्या दिवशी तुमची यादी कोरी येणार.

३. मुदतीचा तक्ता स्वतः बनवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मुदतीची गणितं कंपनीच्या भरवशावर सोडणं म्हणजे अपील त्यांच्या भरवशावर सोडणं.

किती महाग पडतं ते आपल्याच राज्यानं पाहिलं आहे. २०२० मध्ये मध्यप्रदेश शासनाची विशेष अनुमती याचिका (सर्वोच्च न्यायालयात अपिलाची परवानगी मागणारी) ६६३ दिवस उशिरा आली. सर्वोच्च न्यायालयानं ती फेटाळली, २५,००० रुपये खर्च बसवला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितलं. त्याआधी २०१२ मध्ये टपाल खात्याच्या ४२७ दिवसांच्या उशिराच्या प्रकरणात याच न्यायालयानं, नस्ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती हे कारण आता चालणार नाही, असं स्पष्ट केलं होतं.

तक्त्यात किमान एवढं हवं:

- कलम ८० ची नोटीस: मिळाल्यापासून दोन महिने. नोटीस म्हणजे प्रकरणच, तिची नोंद दावा दाखल होण्याआधी झाली पाहिजे.
- दिवाणी दाव्यात जवाबदावा (लेखी उत्तर): समन्स बजावल्यापासून ३० दिवस, कारणं नोंदवून ९० पर्यंत. व्यापारी दाव्यात १२० दिवसांनंतर हक्कच जातो.
- दिवाणी डिक्रीवर अपील: हायकोर्टात ९० दिवस, इतर न्यायालयात ३०.
- पुनर्विलोकन: ३० दिवस.
- हायकोर्टाच्या निकालावर विशेष अनुमती याचिका: ९० दिवस.
- लवाद निवाडा रद्द करण्याचा लवाद कायद्याच्या कलम ३४ चा अर्ज: निवाडा मिळाल्यापासून ३ महिने, पुरेसं कारण असेल तर आणखी ३० दिवस. त्यानंतर एकही दिवस नाही. इथे मुदत कायद्याचं उशीर माफ करणारं कलम ५ मदतीला येत नाही.

ही यादी पुरी नाही. तुमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्रकारासाठी, विशेष कायद्यांसकट, सरकारी वकिलानं स्वतः ओळ लिहून खाली सही करायची. सॉफ्टवेअरमध्ये हा तक्ता कार्यालयाला स्वतः बदलता आला पाहिजे, आणि कोणी कधी बदलला त्याची नोंद राहिली पाहिजे.

प्रत्येक आदेशासाठी एकच 'निकालाची तारीख' हा रकाना असेल तर ते सॉफ्टवेअर तिथेच बाद करा. तारखा तीन लागतात: आदेशाची, नकलेच्या अर्जाची, आणि नक्कल तयार झाल्याची. मुदत कायद्याच्या कलम १२ खाली नकलेसाठी लागलेला वेळ वजा होतो, पण अर्ज करण्याआधी जे दिवस तुम्ही घालवले ते होत नाहीत. नक्कल तयार होऊन नक्कल शाखेत पडून राहिली, तर तो काळही तुमच्याच खात्यात पडतो. म्हणून सगळ्यात पहिली सूचना 'अपिलाला ३० दिवस उरले' ही नकोच. ती हवी, 'आदेश झाला, नकलेचा अर्ज अजून नाही.'

*तपासा:* एक छोटी परीक्षा घ्या. लवाद निवाडा १० जुलै २०२७ ला मिळाला असं भरा. ३ महिने १० ऑक्टोबरला संपतात. सॉफ्टवेअर ८ ऑक्टोबर दाखवत असेल तर ते महिन्यांऐवजी ९० दिवस मोजतंय. आता १ फेब्रुवारी २०२७ भरा. बरोबर उत्तर १ मे. ९० दिवस मोजणारं सॉफ्टवेअर २ मे दाखवेल, म्हणजे मुदत टळल्यावर 'आज शेवटचा दिवस' असं सांगेल. ३ महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगून ठेवलं आहे.

४. माहिती धुऊन घ्या

जुन्या नोंदी आहेत तशा ओतल्या की नव्या सॉफ्टवेअरमध्ये जुनाच कचरा जास्त वेगानं सापडतो.

पहिली अडचण कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टची. आपल्याकडच्या कार्यालयांत वर्षानुवर्षांच्या हिंदी याद्या कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या आहेत. पडद्यावर हिंदी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं असतात. त्यात 'भू-अर्जन' शोधलंत तर काही सापडणार नाही. सगळं युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि मग प्रत्येक यादीतल्या थोड्या ओळी डोळ्यांनी वाचा. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, क्रमांकांमधल्या तिरप्या रेषाही.

दुसरी अडचण नावांची. इंदुरात घरात मराठी, कार्यालयात हिंदी आणि हायकोर्टात इंग्रजी चालते. त्यामुळे एकच माणूस तीन लिप्यंतरांनी नोंदला जातो. पवार, पंवार आणि पुआर यांत धार-देवासकडे खरोखर वेगळी माणसंही असतात आणि एकाच माणसाची तीन टंकलेखनंही. सॉफ्टवेअरनं मिळतीजुळती नावं एकत्र दाखवावीत. ती जोडायची की नाही, हे माणसानं ठरवावं.

तिसरी अडचण डेमोत कधीच दिसत नाही. खाजगी वकील अशिलाच्या नावानं शोधतो. तुमच्याकडे जवळपास प्रत्येक प्रकरणात एक पक्षकार 'मध्यप्रदेश शासन' आहे. तेव्हा शोध विभाग, जिल्हा, खसरा (जमिनीचा) क्रमांक, विषय आणि प्रभारी अधिकाऱ्याचं पद यांवरून झाला पाहिजे. पद म्हणतोय, नाव नाही. बदली झाली की नावावर नोंदलेली प्रकरणं अनाथ होतात.

काय भरायचं? सगळी प्रलंबित प्रकरणं, आणि निकाली निघालेल्यांपैकी ज्यांत अपिलाची मुदत चालू आहे किंवा आदेश पाळायचा बाकी आहे तेवढीच. वीस वर्षांचा दप्तरखाना स्कॅन करण्याचा मोह टाळा. तो वेगळा प्रकल्प आहे, वेगळ्या पैशांचा.

*तपासा:* मूळ याचिका, तिच्यावरची रिट अपील आणि त्यातून निघालेली अवमान याचिका एकमेकींना जोडल्या आहेत का? बरीच अवमान प्रकरणं निव्वळ याच कारणानं अंगावर येतात: मूळ आदेश एका नस्तीत, तो पाळल्याचं पत्र दुसरीत.

५. गरजांचं पत्रक: दोन पानं पुरे

पन्नास पानी निविदा लिहू नका. त्यात नको ते शंभर मुद्दे शिरतात आणि हवा तो एक राहून जातो. 'हवंच' आणि 'असलं तर बरं' असे दोन भाग करा. 'हवंच' मध्ये माझ्या मते हे चार अहवाल:

१) उद्याची यादी, सोबत जवाब सादर झाला की नाही, आणि नस्ती कुणाकडे आहे.
२) जवाब बाकी असलेली प्रकरणं, विभागवार.
३) मुदत संपायला आलेले आदेश आणि सध्या कागद ज्या टेबलावर आहे ते पद.
४) ज्यांत ठराविक दिवसांत काही करण्याचा आदेश आहे अशी प्रकरणं, म्हणजे उद्याच्या अवमान याचिका.

कोणाला काय दिसेल, तेही इथेच लिहा. नीमचच्या प्रभारी अधिकाऱ्याला त्याच्या विभागाची प्रकरणं दिसावीत, शेजारच्या विभागाची नाहीत. सरकारी वकिलाचं अभिमत आणि जवाबाचे कच्चे मसुदे गोपनीय आहेत, ते सरसकट उघडे नकोत. बाल आणि लैंगिक गुन्ह्यांतल्या पीडितांची नावं एसएमएसमध्ये किंवा व्हॉट्सअॅपच्या सूचनेत जाता कामा नयेत. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं सारांश-लेखन सध्या 'असलं तर बरं' मध्येच ठेवा. आणि मसुदे बाहेरच्या सर्व्हरवर जातात का, हे विचारल्याशिवाय तेही नको.

६. डेमो आता, आणि तोही तुमच्या प्रकरणांवर

कंपनीची नमुना माहिती चालणार नाही. तुमची दहा अडचणीची प्रकरणं निवडा, पक्षकारांची नावं बदला आणि कंपनीला आदल्या दिवशी द्या. त्यात हे प्रकार असू द्या: चार विभाग प्रतिवादी असलेलं, एकाच आदेशानं निकाली निघालेल्या पंचवीस याचिकांचं, जबलपूरच्या मुख्यपीठाकडे वर्ग झालेलं, क्रमांक बदललेलं, प्रभारी अधिकारी तीनदा बदललेलं, आणि महसुली न्यायालयातून वर आलेलं.

माउस मुंशीच्या हातात द्या. कंपनीच्या माणसाला बाजूला बसू द्या, पण बोटांनी दाखवायला मनाई. पंचवीस याचिकांचा एक आदेश भरायला पंचवीस वेळा टाइप करावं लागलं, तर उत्तर मिळालं. मग कार्यालयाचं इंटरनेट बंद करून, मोबाइलच्या डेटावर, जुन्या संगणकावर तेच करून बघा. संध्याकाळी कॉज लिस्ट आली आणि रात्री पुरवणी यादी आली, तर दुसरी आपोआप पहिलीत मिसळते का, तेही याच वेळी बघा.

*सावधान:* 'हे पुढच्या आवृत्तीत येणार आहे' याला शून्य गुण.

७. खरेदी आणि करार

खरेदीचा मार्ग राज्याच्या भंडार क्रय (खरेदी) नियमांनुसार आणि जेम या सरकारी खरेदी संकेतस्थळावरून, हे लेखा शाखा सांगेलच. मर्यादेखाली राहावं म्हणून खरेदीचे तुकडे पाडू नका, एवढंच बजावतो.

करारात मात्र वकिलांनी स्वतः डोकं घालावं. रोज दुसऱ्यांचे करार वाचणारी माणसं स्वतःच्या सॉफ्टवेअरचा करार न वाचता सही करतात, हे नेहमीचं दृश्य आहे. या अटी सोडू नका:

- माहिती शासनाच्या मालकीची. करार संपताच सगळी माहिती आणि जोडलेले कागद उघडता येतील अशा साध्या फाइलींत, ठरलेल्या दिवसांत, वेगळे पैसे न घेता परत.
- सर्व्हर भारतात, शासकीय डेटा सेंटरमध्ये किंवा केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयानं मान्य केलेल्या क्लाउडवर. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या लेखापरीक्षकाकडून सुरक्षा तपासणी.
- सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग (प्रणालीच्या वापराच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात. ही जबाबदारी कंपनी कशी पार पाडणार, ते करारात लिहून घ्या.
- दर वापरकर्त्यामागे नको, कार्यालयामागे. नाहीतर पैसे वाचवायला एकच पासवर्ड दहा जण वापरतात आणि नोंद कोणी केली, ते कधीच कळत नाही.
- पैसे टप्प्याटप्प्यानं. शेवटचा मोठा हिस्सा पुढच्या पायरीतला ताळा जुळल्यावरच.

*तपासा:* माहिती परत मिळण्याची अट सही करण्याआधीच आजमावा. डेमोतल्या दहा प्रकरणांची माहिती बाहेर काढून मागा. नुसती पीडीएफ आली, तर ती माहिती परत मिळाली असं धरू नका.

८. रजिस्टर लगेच बंद करू नका

एकदम सगळं सुरू करायचं नाही. आधी अवमान याचिका भरा, कारण त्या थोड्या असतात आणि तिथे साहेबांचं लक्ष असतं. मग त्या दिवसापासून येणाऱ्या नव्या नोटिसा आणि याचिका. त्यानंतर मुदत चालू असलेले आदेश. जुनी प्रलंबित प्रकरणं पेशी येईल तशी भरत जा. पेशीला नस्ती तशीही निघतेच.

एकच नियम कडक ठेवा: कोर्टातून आलेला माणूस त्याच दिवशी घरी जाण्याआधी आदेशाची एक ओळ भरेल. 'काय झालं, आता कोणी, काय, कधीपर्यंत.' सविस्तर नोंद उद्या चालेल, ही ओळ उद्यावर जाता कामा नये.

तोवर कागदी पेशी रजिस्टर चालू राहील. महिन्याच्या शेवटी ताळा घ्या: रजिस्टरातल्या पेशी, सॉफ्टवेअरमधल्या पेशी आणि कॉज लिस्टमधल्या शासनाच्या पेशी. फरक आला तर प्रत्येकाचं कारण शोधा. बहुधा ते चुकीच्या प्रकरण-प्रकारात किंवा न जोडलेल्या क्रमांकात निघतं. सलग तीन महिने तिन्ही आकडे जुळले की कार्यालय प्रमुखाच्या लेखी आदेशानं रजिस्टर बंद करा. कंपनीचं शेवटचं बिलही त्याच दिवशी पुढे पाठवा, आधी नाही.